अमेरिकेतलं हॉस्पिटलचं बिल: हप्ते की मेडिकल क्रेडिट कार्ड?

प्रवासी_पक्षी: मंडळी, नॉनप्रॉफिट हॉस्पिटलचं बिल आहे. इन्शुरन्सने भरून ६,८०० डॉलर उरलेत. बिलिंगवाले म्हणतात मेडिकल क्रेडिट कार्ड घ्या, १८ महिने व्याज नाही. घ्यावं का? थकलं तर क्रेडिट स्कोअरचं काय?

आकडेमोड: आत्ता काहीच भरू नका. आधी आयटमाइज्ड बिल मागवा, प्रत्येक ओळीला कोड असलेलं, आणि इन्शुरन्सच्या ईओबीशी (कंपनीने किती भरलं आणि तुमचा वाटा किती, हे सांगणारा कागद) ताडून बघा. एकच तपासणी दोनदा लावलेली असते ती इथे सापडते.

मग फायनान्शियल असिस्टन्सचा, म्हणजे हॉस्पिटलने बिल माफ किंवा कमी करावं यासाठीचा अर्ज. करकायद्याच्या कलम ५०१(आर)खाली नॉनप्रॉफिट हॉस्पिटलला असं धोरण ठेवावंच लागतं. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक हॉस्पिटलने आपली आपण ठरवलेली असते, त्यामुळे 'आपला पगार बरा आहे' म्हणून सोडून देऊ नका. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो, आणि पहिले १२० दिवस हॉस्पिटलला कोर्टात जाता येत नाही की क्रेडिट ब्युरोला (क्रेडिट रिपोर्ट ठेवणारी कंपनी) कळवता येत नाही.

काठावरून: कार्ड नकोच. हे 'व्याज नाही' म्हणजे बहुतेक वेळा डिफर्ड इंटरेस्ट असतं. मुदत संपताना शंभर डॉलर जरी राहिले, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. शिवाय हॉस्पिटलचे पैसे चुकते होऊन कर्ज कार्ड कंपनीचं होतं, म्हणजे मेडिकल कर्जाची संरक्षणंही गेली.

हॉस्पिटलकडूनच बिनव्याजी हप्ते मागा; २४ महिने धरले तर महिना साधारण २८४ डॉलर. लेखी घ्या: व्याज शून्य, हप्ता चुकला तर काय, आणि हप्ते चालू असताना खातं कलेक्शनला (वसुली एजन्सीकडे) जाणार नाही. 'दरमहा ५० डॉलर पाठवत राहिलं की कोणी काही करू शकत नाही' ही निव्वळ दंतकथा. करार नसेल तर खुशाल पाठवतात कलेक्शनला.

आकडेमोड: स्कोअरचं राहिलं. मेडिकल थकबाकी वर्षभर क्रेडिट रिपोर्टवर येत नाही, ५०० डॉलरखालची कलेक्शन्स एप्रिल २०२३पासून दाखवत नाहीत, फेडलेली काढून टाकतात. मात्र हे तीन क्रेडिट ब्युरोंचं स्वतःचं धोरण आहे, कायदा नाही. रिपोर्टमधून सगळंच मेडिकल कर्ज वगळणारा सीएफपीबीचा (ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाची फेडरल संस्था) नियम जुलै २०२५मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने रद्द केला. जुने लेख वाचून निर्धास्त राहू नका.

कलेक्शन एजन्सीची नोटीस आलीच तर ३० दिवसांत लेखी हरकत घ्या. कर्जाचा पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. नुसत्या फोनने हे होत नाही.

प्रवासी_पक्षी: भूलतज्ज्ञ आउट-ऑफ-नेटवर्क (माझ्या इन्शुरन्सशी करार नसलेला) होता, त्याचं वेगळं बिल आलंय. हॉस्पिटल इन-नेटवर्क.

काठावरून: मग ते आधी इन्शुरन्सकडे न्या. १ जानेवारी २०२२पासून नो सरप्रायझेस ॲक्टखाली अशा भूलतज्ज्ञाला, तो इन-नेटवर्क असता तर जो वाटा तुम्ही भरला असता त्यापलीकडे तुमच्याकडून घेता येत नाही. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र या कायद्यात नाही, तिचं बिल असेल तर राज्याचा कायदा बघा.