पहिलं हत्यार छोटं पिस्तूलच घ्या? कुणी सांगितलं?

माजी हवालदार, सातारा
काल इथं एकानं लिहिलंय की लायसन मिळालं की खिशात बसेल असं छोटं पिस्तूलच घ्या, नवख्याला हलकं बरं पडतं. वाचून राहवलं नाही. हलकं बरं पडतं ते खिशाला, हाताला नाही! फौजेत आमच्याकडून घोकून घेतलं होतं, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त म्हणजे नेम, ट्रिगर. छोट्या पिस्तुलात पकडच जाते, करंगळी मुठीखाली लोंबकळते. पुढच्या-मागच्या साईटमध्ये दहा सेंटीमीटर अंतर असलं आणि शिस्त एक मिलिमीटर चुकली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर बाजूला जाते. वजन कमी म्हणून धक्का जास्त, मग नवखा डोळे मिटून ट्रिगर खेचतो. माझा मेव्हणा नेमबाजीच्या रेंजवर "दाजी, अडकलं की ओ" म्हणत मागं वळला, बोट ट्रिगरवर, नळी थेट माझ्या पोटाकडं. नळी आखूड असली की मनगट वळलं तरी तोंड फिरतं.

गलाईवाला, विटा
हवालदारसाहेब, तुम्ही रेंजवरचं सांगताय, मी एसटी स्टँडवरचं सांगतो. आमचा धंदा सोन्याचा, लायसनच त्यासाठी मिळालंय. वडिलांकडं कानपूरचं जुनं ३२ बोअर रिव्हॉल्व्हर होतं, उन्हाळ्यात शर्ट घामानं चिकटला की कमरेला एवढा फुगवटा, शेजारी बसलेला माणूस सारखा तिकडंच बघायचा. शेवटी त्यांनी ते कपाटात ठेवलं ते कायमचंच. कपाटातल्या हत्याराचा काय उपयोग? निर्भीक हे हलकं रिव्हॉल्व्हर २०१४ ला आलं ते ५०० ग्रॅमचं, ते काय उगाच काढलं का?

ऊसवाला, शिराळा
दोघंबी राहू द्या. पहिलं हत्यार १२ बोअर डबल बॅरल. रात्री पाणी पाजायला जाताना उसात बिबट्या असतोय, मारायचा न्हाई कुणाला, पण हवेत बार काढला की जीव वाचतोय. आणि काय बी घ्या, इलेक्शन आलं की ठाण्यात जमा! २०२४ ला लोकसभेला एकदा, विधानसभेला परत. माझी बंदूक परत आली तर नळीत तांबूस ठिपके, चिंधी घातली तर गंज निघाला. आजोबांची बंदूक हाय ती.

गलाईवाला, विटा
अगदी! आम्ही तर त्या दिवसांत सोनं घेऊन मोकळ्या हातानं फिरतो. चोराला आचारसंहिता नसते.

वकील, सांगली
सरसकट सगळ्यांची जमा करा असा नियम नाही, त्यासाठी स्क्रीनिंग कमिटी असते, धोका वाटेल त्याचंच घ्यायचं. लेखी अर्ज द्या आणि जमा करताना पावतीवर हत्याराची अवस्था लिहून घ्या.

ऊसवाला, शिराळा
ताई, अर्ज दिलाय, दोनदा. "ठेवून जावा" एवढंच उत्तर.

माजी हवालदार, सातारा
विषय कुठं चाललाय? जमा करताना चामड्याच्या कव्हरात ठेवली असणार, चामडं ओल धरतं. तेल लावून कापडात गुंडाळायची.

ऊसवाला, शिराळा
म्हंजे चूक माझीच? सतरा वर्षं फौजेत काढली म्हणून आम्हाला काय बी ऐकवायचं व्हय?

माजी हवालदार, सातारा
राग नको, आजोबांची वस्तू आहे हे वाचलं मी. पण गलाईवाल्या दादांना विचारतो, तुम्ही स्वतः किती गोळ्या मारल्या आजवर?

गलाईवाला, विटा
अकरा. ट्रेनिंगच्या वेळच्या.

वकील, सांगली
२०१६ च्या शस्त्र नियमांत ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं ते यासाठीच, पण लोक कागद मिळाला की परत रेंजचं तोंड बघत नाहीत.

गलाईवाला, विटा
बरं, हे मानलं. अकरा गोळ्यांवर स्टँडच्या गर्दीत मी कुणाला वाचवणार. पण मोठं घेणार नाही, कमरेला राहील तेच घेणार. प्रबल हे रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं आहे, निर्भीकपेक्षा जड, ते हातात धरून बघतो. हवालदारसाहेब, येत्या रविवारी रेंजवर याल का?

माजी हवालदार, सातारा
येतो. पहिला तासभर गोळी मिळणार नाही, रिकाम्यावरच ट्रिगर दाबायचा.