अँबेसेडरचा डिस्ट्रिब्युटर: आधी क्लॅम्प बघा

डिस्ट्रिब्युटर (प्लगना क्रमाने ठिणगी वाटणारा भाग) काढून परत बसवल्यापासून अँबेसेडर कार्ब्युरेटरमधून फटाके मारते, अशी एकाची तक्रार आहे, आणि त्यावर 'प्लगच्या वायरी उलट्या लावा' असा सल्ला आलाय. कृपया तसं करू नका. जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टच्या टोकाची जीभ मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उलटा बसतच नाही. खालचा ड्राइव्ह गिअर कुणी बाहेर काढला असेल तरच ती शंका घ्या.

खरी चूक बहुधा क्लॅम्पची, म्हणजे डिस्ट्रिब्युटर जागी धरणाऱ्या प्लेटची. काढताना क्लॅम्पचा आवळबोल्ट सैल केला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) गेलंच. त्याऐवजी इंजिनाच्या ब्लॉकवरचे प्लेटचे दोन स्क्रू काढायचे, क्लॅम्प डिस्ट्रिब्युटरलाच राहू द्यायचा.

आता टायमिंग नव्यानेच लावा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप आधी, ०.०१४ ते ०.०१६ इंच, तो नंतर बदलला तर टायमिंगही हलतं. एक नंबर (रेडिएटरकडचा) सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन पुलीची खूण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प डिस्ट्रिब्युटरच्या लो टेन्शन टर्मिनलवर (कॉइलकडून बारीक वायर येते तिथे), दुसरं टोक अर्थला (इंजिनाच्या धातूला), इग्निशन चालू. डिस्ट्रिब्युटरची बॉडी आतला रोटर फिरतो त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, दिवा विझेपर्यंत फिरवा. मग हळूहळू घड्याळाच्या दिशेने. दिवा लागला की तिथेच आवळा. वायरींचा क्रम १-३-४-२, तोही घड्याळाच्या उलट.

कात्रजच्या चढाला टकटक आली तर अ‍ॅडव्हान्स जास्त झालाय, म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय; बॉडी केसभर घड्याळाच्या उलट घ्या. आणि डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी परत जोडायला विसरू नका.