मदत हवी आहे: युरोप की दुबई? असले निर्णय घ्यायला शिकायचं कुठे?

तासगावचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, एक्सपोर्टमधले मोठे निर्णय कसे घ्यायचे ते शिकायचंय, म्हणजे कुठला देश धरायचा, कुणाशी किती वर्षांचं बोलायचं, पैसे कुठे अडकवायचे वगैरे. चांगला कोर्स सुचवा, फार थिअरी नको. घरात रोज वाद, वडील म्हणतात दुबई, मी म्हणतो युरोप, आणि पुढच्या आठवड्यात पार्टीला उत्तर द्यायचंय. अर्जंट.

चहाबाज:
माल काय?

निवांत_नाना:
मांडव दारात पडला आणि तुम्ही स्वयंपाकाच्या क्लासची चौकशी करताय 😀

केस_स्टडी:
आयआयएफटीचं बघा, परदेशी व्यापार शिकवणारी दिल्लीची सरकारी संस्था, एक्सपोर्टसाठी नाव आहे. आणि टाटांचा अभ्यास करा. 2008 ला 2.3 अब्ज डॉलर मोजून जॅग्वार लँड रोव्हर घेतली, लगेच जागतिक मंदी, लोक वेड्यात काढत होते, पुढे त्याच कंपनीने टाटा मोटर्सला तारलं. लाँग टर्म व्हिजन म्हणतात ते हे.

चहाबाज:
ह्यांना जॅग्वार घ्यायची नाहीये हो. माल काय ते कळू दे आधी.

तासगावचा_पोरगा:
द्राक्षं हो, तासगाव म्हटल्यावर अजून काय. थॉमसन आहे, थोडी काळी. युरोपवाला एक्सपोर्टर चांगला रेट बोलतोय, दुबईचा व्यापारी ओळखीचा आहे. कोर्सचं सांगा ना कोणीतरी.

शून्य_ते_निर्यात:
आधी आयईसी काढा, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) साइटवर 500 रुपये फी, पॅन आणि बँक खातं लागतं. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायला विसरू नका.

तासगावचा_पोरगा:
आयईसी आहे ओ. ते विचारलंच नाही मी.

पिंपळगाव_बसवंत:
छाटणी झाली का? हा प्रश्न सगळ्यात आधी यायला पाहिजे होता. युरोप की दुबई हे विकताना ठरत नाही दादा, ऑक्टोबर छाटणीला ठरतं. प्लॉटची ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत नोंदणी, कुठलं औषध कधी बंद करायचं, घडात मणी किती ठेवायचे, सगळं तिथून सुरू. युरोपच्या हिशोबाने तयार केलेला माल ऐनवेळी दुबईला वळवता येतो, उलटं होत नाही. मी असतो तर युरोपची तयारी करून दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या असत्या.

आखाती_देशपांडे:
ऐकायला छान आहे, पण ती मोकळी वाट फुकट मिळते का? विरळणीची मजुरी, कमी टनेज, रेसिड्यूच्या, म्हणजे औषधांच्या अंशांच्या तपासण्या, आणि एवढं करून माल दुबईलाच गेला तर तिथे त्याचे जास्त पैसे कोण देणार? शिवाय 2023 च्या शेवटी हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, दहा-पंधरा दिवस जास्त, देठ वाळतात तेवढ्यात. दुबई न्हावाशेवाहून काही दिवसांवर. वडिलांचं ऐका.

पिंपळगाव_बसवंत:
आणि दुबईत सगळ्यांचा माल एकदम उतरला की भाव कोण सांभाळतं, तुम्ही? बहुतेक माल कन्साइनमेंटवर जातो, म्हणजे आधी माल, भाव तिकडे विकल्यावर. विक्रीची पट्टी येईल तो भाव.

केस_स्टडी:
यालाच सिनॅरिओ प्लॅनिंग म्हणतात.

चहाबाज:
म्हणू देत. तासगावकर, युरोपवाला रेट 'चांगला' म्हणजे काय? मिनिमम गॅरंटी आहे का नुसता अंदाज? आणि तिकडे माल रिजेक्ट झाला तर कुणाच्या डोक्यावर? 2010 आठवतंय का, लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनरच्या कंटेनर अडकले. शेतकऱ्यांनी काही लपवलं नव्हतं, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच ते नव्हतं. नियम समोरचा करतो आणि भोगतो आपण, ही रिस्क रेटमध्ये धरलीय का बघा.

शून्य_ते_निर्यात:
ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या पैशांचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा विमा काढा की, टेन्शन खल्लास.

चहाबाज:
खल्लास नाही. ग्राहक बुडाला किंवा त्याने पैसे दिले नाहीत तर ईसीजीसी कामाला येते. मालाच्या क्वालिटीवरून भांडण लागलं तर ती सहसा हात वर करते. आणि द्राक्षात भांडणं क्वालिटीवरूनच होतात.

रॉटरडॅमची_सून:
इथे आपली द्राक्षं दिसली की भारी वाटतं पण टरबुजाएवढी पाण्याची चव नसावी एवढीच विनंती 🙂 जर्मनीतली मोठी दुकानं सरकारी मर्यादेपेक्षाही कडक असतात, एका घडात किती औषधांचे अंश चालतील याचीसुद्धा मोजणी. एक्सपोर्टरचा माल नेमका कुठल्या दुकानात जातो ते विचारा. बाकी इथे हापूस कुठे स्वस्त मिळतो कुणाला माहिती आहे का?

तासगावचा_पोरगा:
छाटणी अजून व्हायचीय. गॅरंटीचं त्याने तोंडीच सांगितलंय, रिजेक्शनचं बोलणंच झालं नाही. माल ऐनवेळी वळवता येतो हे वडिलांना पटेल कदाचित, खर्चाचं विचारतील. साधारण निम्मा प्लॉट युरोपला आणि निम्मा दुबईला, असं केलं तर?

पिंपळगाव_बसवंत:
चालेल, पण फवारणीचं वारं शेजारच्या ओळीवर जातं. मधला पट्टा सोडा आणि ब्लोअर दोन्हीकडे तोच असेल तर आधी टाकी धुवून घ्या.

आखाती_देशपांडे:
आणि गॅरंटी लेखी. रिजेक्शनचा खर्च कोणाचा तेही त्याच कागदावर.

निवांत_नाना:
हापूसचा वेगळा धागा काढा वहिनी.