कोरीव कामाचं पुस्तक घेताना आधी कोणतं पान उघडता?

उलटा रेषा:
लाकडावरचं कोरीव काम शिकायला पुस्तक निवडताना माझी कसोटी एकच. तयार वस्तूंचे फोटो बघू नका, धार लावण्याला किती पानं दिलीत ते बघा. दोन पानांत उरकलं असेल तर पुस्तक परत ठेवा. माझ्या पहिल्या पुस्तकात पंचवीस नमुने होते आणि धारेबद्दल एक ओळ: हत्यार धारदार असावं. घुबडाच्या डोळ्यापाशी लाकूड नुसतं चुरगळायचं आणि मी लाकडाला शिव्या घालायचो.

ढलपी:
अजिबात पटलं नाही. नवशिक्याला आधी सहाण आणि चामड्याचा पट्टा यांची पारायणं करायला लावलीत तर पहिली ढलपी उडायच्या आत तो पळून जाईल. मी नमुन्यांवरच शिकले. पहिलं पिंपळपान वेडंवाकडं झालं, पण झालं. धार कमी पडतेय हे हाताला कळल्यावर मग ते प्रकरण वाचलं.

उलटा रेषा:
बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते निसटतं. हाताला कळेपर्यंत थांबलो, त्याचा वण अंगठ्यावर आहे.

अर्धगोल:
अहो, आधी प्रकार तरी ठरवा! नुसत्या चाकूने बाहुली तासायची, फळीवर त्रिकोणी खाचा काढायच्या की उठावाचं काम करायचं? उठावाच्या पुस्तकात गोल पटाशांच्या वळणाचे क्रमांक येतात. ३ जवळपास सपाट, ९ जवळपास अर्धवर्तुळ. त्यात शेफील्डच्या (म्हणजे इंग्लिश) आणि स्विस क्रमांकांच्या यादीतला एकच आकडा एकाच वळणाचा असेल असंही नाही. लेखक कोणती यादी धरतो हे लिहिलेलं नसेल, तर पुस्तकाच्या कितीतरी पट पैसे चुकीच्या हत्यारांवर जातात.

ढलपी:
हे मान्य. आणि माझी कसोटी सांगते: बाण. पानाची शीर लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, तिरपी असेल तर शिरेच्या एका बाजूला पटाशी लोण्यातून फिरल्यासारखी जाते. दुसऱ्या बाजूला तशीच चालवली की टोक रेषेखाली घुसतं आणि कपचा उडतो. तिथे उलट दिशेने यावं लागतं. माझ्या पुस्तकात प्रत्येक फोटोवर कापायच्या दिशेचा बाण आहे. नुसत्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंतून हे कधीच कळलं नसतं.

उलटा रेषा:
बाणांचं पटलं. पण खरं सांगा, त्या पुस्तकात धारेची पानं किती?

ढलपी:
मोजली आत्ता. चौदा. पण शेवटी आहेत, सुरुवातीला नाहीत!