'नॉट-नोइंग'ला मराठीत काय म्हणावं?

चाफेकळी: कुटुंबोपचारावरचा लेख मराठीत आणतेय. हार्लीन अँडरसन आणि हॅरॉल्ड गुलिशियन यांची 'नॉट-नोइंग' ही संकल्पना, म्हणजे समोरच्याचं आपल्याला आधीच कळलंय असं उपचारकाने न धरणं, त्यात पानोपानी आहे. तूर्त 'अज्ञान' लिहिलंय, पण वाचताना उपचारक अडाणी वाटतो.

दर्यावर्दी: 'नेणीव' घ्या की!

मुक्कामपोस्ट: 'नेणीव' नको. फ्रॉइडमुळे तो शब्द आधीच अडकलाय. नेणिवेतली इच्छा म्हणजे माणसाला स्वतःलाच न उमगलेली. टेक्सासमधल्या या दोघांचं म्हणणं अगदी वेगळं. त्यांच्या १९८८ आणि १९९२ च्या लेखनानुसार अडचण एकट्याच्या डोक्यात नसते, ती माणसामाणसांतल्या बोलण्यातून घडते. आणि स्वतःच्या जगण्यातला जाणकार समोरचा माणूसच. उपचारकाचं कसब संवाद चालता ठेवण्यात. मी 'नेणती भूमिका' म्हणेन.

समजा, एक बाई म्हणाली, "दिवेलागणीला जीव घाबरा होतो." कागदावर 'चिंताविकार' लिहिलं की विषय मिटला. नेणत्या भूमिकेतून विचारलं, "त्या वेळी घरात काय चाललेलं असतं?", की नवऱ्याचं पिऊन येणं, भिंतीपलीकडचे शेजाऱ्यांचे कान, माहेरी सांगायची चोरी असं एकेक बाहेर येतं. हे 'चिंताविकारा'त कुठे मावणार?

दर्यावर्दी: पण 'नेणतं' म्हटलं की लेकरूच आठवतं. शिवाय विवेकनिष्ठ मानसोपचारात, म्हणजे अविवेकी समजुती तपासून बदलायच्या पद्धतीत, 'झालंच पाहिजे'मधला हट्टी 'च' उपचारक बरोबर पकडतो. तिथे जाणतेपणच कामी येतं ना?

मुक्कामपोस्ट: येतं, आणि त्याने कित्येकांना हात दिलाय. पण दोन्हींची ज्ञानमीमांसा, म्हणजे 'खरं काय ते कसं कळतं' याची धारणा, वेगळी. अल्बर्ट एलिसने १९५५ पासून उभारलेल्या या विवेकनिष्ठ पद्धतीत समजुती तर्काला आणि वास्तवाला ताडून बघायच्या असतात. मला खटकतं ते पुढे. "तिशीच्या आत लग्न झालंच पाहिजे" यातला 'च' मुलीचा की भावकीचा? तिने तो मनातून काढला, तरी घरात रोज कानावर पडतोच. अशा वेळी तो कुठून आला, हे तिच्याकडूनच ऐकायला हवं. लेकराचं म्हणाल, तर 'भूमिका' जोडल्यावर ती छटा उरत नाही, कारण भूमिका समजूनउमजून घेतलेली असते.

चाफेकळी: पटलं. 'नेणती भूमिका' घेते आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप देते. 'एपिस्टेमॉलॉजी'ला 'ज्ञानशास्त्र' लिहिलं होतं, तिथेही 'ज्ञानमीमांसा' करते. आता 'क्लायंट' राहिला. 'रुग्ण' तर या लेखात मुळीच चालणार नाही. 'अशील' वकिलाचा, 'ग्राहक' दुकानातला. सुचवा.