विषय: शनिवारी 'ओरे मोनोगातारी': पहिला भाग लावायचा की नाही?

प्राजक्ता (कार्यक्रम समिती):

मंडळी,

हॉलचा फॉर्म गुरुवारी द्यायचा आहे आणि त्यात कार्यक्रमाचं नाव लिहावं लागतं, म्हणून घाईत लिहिते. मुलांनी मतदान करून 'ओरे मोनोगातारी' ही जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका निवडली. मी निम्म्याहून जास्त भाग बघितले. मालिका स्वच्छ आहे, खूप हसवते आणि मला मनापासून आवडली.

अडचण एकच. पहिल्याच भागात लोकल गाडीतला चिकानचा, म्हणजे गर्दीत मुलींच्या अंगाला हात लावण्याचा प्रसंग आहे. नायिका यामातोला एक माणूस त्रास देतो, नायक ताकेओ त्याचा हात धरतो आणि फलाटावर उतरवतो. तिथून पुढे सगळी गोष्ट. अंगप्रदर्शन अजिबात नाही, पण काय चाललंय ते लपत नाही. आणि आपल्याकडे पुढच्या सतरंजीवर बालवाडीतली पोरं बसतात.

तेवढं वगळायचं, दुसऱ्या भागापासून लावायचं, की आहे तसं? बुधवार रात्रीपर्यंत सांगा. खाऊबद्दल वेगळी मेल करते, इथे नको.

प्राजक्ता

---

नंदूकाका:

प्राजक्ता,

कोजागिरीला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. मध्येच सिनेमा बंद करून अंताक्षरी सुरू करावी लागली होती. तेव्हाच ठरलं होतं की 'कौटुंबिक' अशी पाटी लावली की सासरे, सून, नातवंडं एका रांगेत अवघडून न बसता बघू शकतील असंच दाखवायचं.

दुसरं म्हणजे, ही मालिका निप्पॉन टीव्हीवर मध्यरात्रीनंतर लागायची असं माझ्या ऑफिसातला एक जपानी सहकारी म्हणाला. मुलांसाठी असती तर प्रीक्युअर या लहान मुलींच्या मालिकेसारखी रविवारी सकाळी साडेआठला लावली असती. टीव्हीवाल्यांनी काहीतरी विचार करूनच ती वेळ दिली असणार ना?

आणि शाळेतल्या मुलामुलींच्या प्रेमाचीच गोष्ट कशाला? ॲनिमेत दुसरं काही नाही का?

नंदू

---

ईरा:

नंदूकाका,

वेळेचं सांगते, कारण हा गैरसमज खूप जणांचा आहे. इथे जपानात बहुतेक ॲनिमे मध्यरात्रीनंतरच लागतात. निर्मितीचा खर्च प्रकाशक, डीव्हीडी काढणारी कंपनी, गाण्यांची कंपनी असे बरेच जण मिळून करतात आणि चॅनेलकडे स्वस्तातली वेळ घेतात. संध्याकाळची वेळ त्यांना परवडतच नाही. म्हणून रात्री दीडची मालिका म्हणजे मोठ्यांचीच, असं होत नाही.

मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, 'बेस्सात्सु मार्गारेट'मध्ये यायची. शाळकरी मुलींचं मासिक आहे ते. काझुने कावाहाराची कथा, आरुकोची चित्रं. २०१३ मध्ये तिला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा शोजो (मुलींसाठीच्या मांगा) विभागातला पुरस्कार मिळाला. मालिका मॅडहाउस या स्टुडिओची आहे, २०१५ च्या एप्रिल ते सप्टेंबरमधली, २४ भाग. दिग्दर्शक मोरिओ असाका. त्यांचीच 'कार्डकॅप्टर साकुरा' तुमच्या सईने कितीदा बघितली आहे ते तुम्हाला माहीत आहे.

प्रेमाबद्दल म्हणाल तर ताकेओ ठरवून टाकतो की यामातो मोठी होईपर्यंत तिच्या अंगाला हात लावायचा नाही. बिचारीला नुसता हात हातात घ्यायचा असतो आणि ते त्याला सांगायचं कसं, यावर अख्खा भाग आहे. याहून सोवळी प्रेमकथा मला तरी माहीत नाही. आम्ही मुलांनी भांडून भांडून ही निवडली आहे, तेव्हा न बघता काढू नका प्लीज.

ईरा

---

मिलिंद (खजिनदार):

चर्चा चालू द्या, पण निवड काहीही झाली तरी लॅपटॉपवरून स्ट्रीमिंग लावायचं नाही. वैयक्तिक खातं घरच्या वापरासाठी असतं, हॉलमध्ये पन्नास माणसांना दाखवणं त्याच्या अटींत बसत नाही. इथल्या कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमात नफ्याचा हेतू नसेल, प्रेक्षकांकडून कसलेही पैसे घेतले नसतील आणि सादर करणाऱ्यांना मानधन दिलं नसेल, तर प्रसिद्ध झालेली कलाकृती दाखवता येते. आपण विकत घेतलेली डिस्क लावू.

म्हणजे त्या दिवशी दारात वर्गणी घ्यायची नाही. 'खाऊचे म्हणून' सुद्धा नाही. कायद्यात पैशाला काय नाव दिलंय हे बघत नाहीत. वर्गणी आधीच्या किंवा नंतरच्या कार्यक्रमात घ्या. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी दारात डबा ठेवलेला असतो.

मिलिंद

---

वंदनाकाकू:

मिलिंद, डबा मी ठेवते कारण तेलाचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत. आणि हॉलच्या स्वयंपाकघरात तळण चालत नाही, तेव्हा वडे घरून तळूनच आणावे लागतात. कोण किती आणणार ते मला कळवा. मालिका कुठलीही लावा.

वंदना

---

सुलभाताई:

मला काय म्हणायचंय ते नीट वाचा, ही विनंती.

माझी मुलगी चुगाक्कोत (माध्यमिक शाळेत) गेल्यापासून एकटी गाडीने जाते. मध्यंतरी ती रोज अर्धा तास आधी निघायला लागली. मला वाटलं, शाळेत क्लबचा सराव असेल. पुष्कळ दिवसांनी कळलं की नेहमीच्या गाडीतला एक माणूस टाळण्यासाठी ती लवकर निघत होती. मला सांगितलं नव्हतं, कारण काय शब्दांत सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. आणि मी वसईची. एवढ्या वर्षांच्या प्रवासात मी काय काय सोसलं आणि टाचणी कशी जवळ ठेवायचे, ते मीही तिला कधी बोलले नव्हते. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा आमच्या घरात कुणी विचारलं नाही की बायकांना वेगळी गाडी का लागते. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

इथे स्टेशनवर 'चिकान हा गुन्हा आहे' अशी पोस्टरं लागलेली असतात. तोझाई मेट्रो लाईनला सकाळी बायकांचा डबा असतो. आपली पोरंसुद्धा ती पोस्टरं बघतात. मग हॉलमध्ये नेमकं काय लपवायचंय?

त्या भागात तो माणूस पकडल्यावर तिच्या कपड्यांवर दोष ढकलतो, आणि ताकेओला ते क्षणभरही पटत नाही. आमच्या घरी हे वाक्य कुणीतरी वेळेवर खोडून काढायला हवं होतं. मला ते माझ्या मुलीने, आणि तिच्याहून जास्त आपल्या मुलग्यांनी, सगळ्यांच्या देखत ऐकायला हवं आहे.

जाता जाता: मुलींच्या फोनवर तोक्यो पोलिसांचं 'डिजी पोलिस' हे ॲप टाकून ठेवा. बटण दाबलं की स्क्रीनवर मदतीचा मजकूर येतो आणि 'थांबा' असा मोठ्याने आवाज होतो. तोंडातून शब्द फुटत नाही, त्यांच्यासाठी आहे ते.

सुलभा

---

नंदूकाका:

सुलभाताई,

तुमची मेल वाचून मन सुन्न झालं. मुलगी आता कशी आहे? काही लागलं तर रात्री-अपरात्री हाक मारा.

पण हे बोलणं घरी, आईने मुलीशी, वडिलांनी मुलाशी करायचं. सणासुदीच्या कपड्यांत, वडे खाताना, अनोळखी पाहुण्यांसमोर त्याला तोंड फोडायचं का? तुमच्या लेकीलाच त्या गर्दीत तो प्रसंग बघवेल का, हे विचारलंत का? माझं म्हणणं, मालिका लावा, तेवढी पाच मिनिटं पुढे सरकवा. कुणाचंच नुकसान नाही.

नंदू

---

श्रीरंग:

> तेवढी पाच मिनिटं पुढे सरकवा

काका, ती मिनिटं काढली तर ताकेओ आणि यामातो भेटलेच कसे हे कुणाला कळणार नाही. ती त्याच्यासाठी केक करून का आणते, हेही नाही. आणि पडदा मध्येच उडाला की मुलं हमखास विचारतात, "काय काढलं?" मग प्रत्येक जण घरी जाऊन तेवढंच शोधून बघतो.

मला वेगळीच काळजी आहे. ताकेओ दोन मीटर उंच, १२० किलोचा. मुली त्याला घाबरतात, आणि त्याला आवडलेली प्रत्येक मुलगी त्याच्या मित्राच्या, सुनाच्या प्रेमात पडते. सुरुवातीचे विनोद त्याच्या अंगावर आहेत. आमचा ओम वर्गात सगळ्यांत थोराड. त्याला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच म्हणायचे. हॉलमध्ये पोरं हसतील आणि माना ओमकडे वळतील, ही धास्ती होती. म्हणून मी त्याच्याबरोबर घरी आधी बघितली. मालिका ताकेओला चिडवणाऱ्यांच्या बाजूची नाही, हे त्याला माझ्या आधी समजलं. सुना तर आपल्या मित्राच्या दिसण्याची कधीच टिंगल करत नाही. ओम आता याच गोष्टीवरच्या सिनेमातल्या नटाचे, र्योहेई सुझुकीचे फोटो दाखवतो. त्या माणसाने ताकेओच्या भूमिकेसाठी ३० किलो वजन वाढवलं होतं.

एक मात्र सांगतो. पुढे ताकेओ ओठांवर प्लॅस्टिकचा कागद धरून सुनाबरोबर चुंबनाचा सराव करतो, तो भाग शनिवारी नको. निरागस आहे, पण आपल्याकडे त्यावरून दोन महिने मेल येत राहतील.

श्रीरंग

---

मीराताई (मराठी शाळा):

पोरं माझ्याच वर्गातली आहेत म्हणून लिहिते.

इथे टीव्हीवरच्या मालिकांना वयाचा शिक्का नसतो. एइरिन या जपानी संस्थेचे जी, पीजी १२, आर १५ वगैरे शिक्के चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी. भारतात आता यूए ७, १३, १६ अशा पायऱ्या केल्या आहेत, पण त्याही एखादी गोष्ट दाखवली आहे इतकंच सांगतात. गोष्ट कुणाची बाजू घेते, हे कुठलाच शिक्का सांगत नाही. शाळकरी प्रेमाच्या कितीतरी मालिका बघितल्या आहेत मी. त्यांत मुलगी "नको" म्हणते, मुलगा ऐकत नाही आणि मागे गोड संगीत वाजतं. हात धरून भिंतीशी उभं करतात आणि प्रेक्षकांनी उसासे टाकायचे. तशा एखाद्या मालिकेत शिक्का मारण्यासारखं दृश्य एकही नसतं, आणि तीच मी मुलांसमोर लावणार नाही. इथे उलट आहे. प्रसंग कडू आहे, पण त्यात चूक कुणाची याबद्दल तिळमात्र गोंधळ नाही. तेवढ्यावर माझं मत होकाराचं.

तरीही बालवाडीवाल्यांना तो नकोच. त्यांना त्यातली भीती तेवढी कळेल, बाकी काही नाही. बाजूची तातामीची (चटयांची) खोली घेऊन मी त्यांच्याबरोबर ओरिगामी करत बसते. पहिला भाग संपला की त्यांना आत आणू. दुसऱ्या भागापासून केक, गैरसमज आणि हशा, त्यांना चालेल. सुरुवातीला मोठ्यांपैकी कुणीतरी दोन मिनिटं उभं राहून सांगावं की असा प्रसंग येणार आहे, ज्याला उठून जायचंय त्याने जावं. नंदूकाकांनी सुलभाताईंना विचारलं ते योग्यच आहे. तो प्रसंग ज्यांनी सोसलाय त्यांना दार उघडं हवं.

मीरा

---

सुलभाताई:

विचारलं मी तिला. म्हणाली, "बघेन, पण ईराताईशेजारी बसेन."

सुरुवातीची दोन मिनिटं मी बोलते.

सुलभा

---

नंदूकाका:

मिलिंदकडून डिस्क आणली आणि पहिले तीन भाग आईला शेजारी घेऊन बघितले. आईला सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणून मी मराठीत सांगत होतो. गाडीचा प्रसंग आला तेव्हा मी गप्प झालो, तर तीच म्हणाली, "सांग की, कळतंय मला." पुढे ताकेओ स्वतःच्या मनातलं दाबून सुना आणि यामातोचं जुळवायला निघतो, तेव्हा ती त्याच्यावर फार चिडली. सारखं "अरे, तिला विचार की एकदा!"

माझी एक हरकत कायम आहे. ताकेओ त्या माणसाला ठोसा देतो, ते मला पसंत नाही. पकडून स्टेशनमास्तरच्या ताब्यात द्यावं. आपल्या पोरांनी परक्या देशात कुणावर हात उगारला तर निस्तरताना आईबापांच्या नाकी नऊ येतात. सुलभाताई बोलतील तेव्हा हेही सांगावं. नाहीतर मी सांगतो.

आजी-आजोबांसाठी मराठीतून कोण बोलणार ते ठरवा. नसेल कुणी तर मागच्या रांगेत खुर्च्या लावा, मी बसतो त्यांच्यात.

नंदू

---

वंदनाकाकू:

बाकीच्यांचे वडे लिहून घेतले. नंदूभावजी, तुमचे किती?

---

प्राजक्ता:

मंडळी,

फॉर्म दिला. कार्यक्रमाचं नाव 'कौटुंबिक ॲनिमे संध्याकाळ', बाजूच्या तातामीच्या खोलीसकट. पहिले तीन भाग लावू. तिसऱ्यात दोघांचं जुळतं, म्हणजे गोष्ट अर्धवट राहिली असं वाटणार नाही. एकूण सव्वा तासाच्या आत.

सुलभाताई आधी बोलतील, ठोशाबद्दल नंदूकाका बोलतील, दोघांनी मिळून पाच मिनिटांत आटपा. बालवाडीची मुलं मीराताईंकडे, त्यांच्या मदतीला अजून एक जण हवा आहे. आजी-आजोबांच्या खुर्च्या मागे डावीकडे, नंदूकाकांभोवती. ईरा, डिस्कवर इंग्रजी सबटायटल आहेत ना, ते शुक्रवारी तपासून सांग. जपानी आवृत्तीच्या डिस्कवर बहुतेक वेळा नसतात, आणि नसतील तर मागच्या रांगेपुरतं नाही, सगळ्या हॉलला पुरेल असं मराठीत बोलायला दोघं-तिघं लागतील.

दारात डबा नाही. वंदनाकाकू, तेलाचे पैसे मिलिंद मंडळाच्या खात्यातून देतोय, त्याच्याशी बोलले आहे.

प्राजक्ता