समुद्राखालचं हॉटेल, वादळात आईला न्यावं का?

सुदामानगरची_लेक:
नमस्कार मंडळी. भाऊ नॉर्वेत क्रिस्टियानसानला असतो आणि बाबांच्या एकसष्टीला सगळ्यांना त्याच किनाऱ्यावरच्या, लिंडेसनेसच्या 'अंडर' हॉटेलात जेवायला न्यायचं त्याच्या डोक्यात बसलंय, तेच ते, अर्धं समुद्रात बुडलेलं, फोटो पाहिले असतील. बाबा एका पायावर तयार. आई म्हणते, ओंकारेश्वरला नावेत बसताना मला घाम फुटतो आणि तुम्ही मला तळाशी बसवून जेवायला घालणार? त्यात ऑक्टोबरात जायचंय, तेव्हा तिकडे वादळं असतात म्हणे. काच फुटली तर, हा एकच धोशा. कोणी सिव्हिलवाले आहेत का इथे? कोणी जाऊन आलं असेल तर फारच छान.

नर्मदाकाठचा_म्हातारा:
अगं ताई, आयुष्य धरणांवर गेलं माझं म्हणून सांगतो. तिथे तळ फक्त ५ मीटरवर आहे, म्हणजे पाण्याचा दाब तळाशी दर चौरस मीटरला ५ टनांच्या आसपास, धरणवाल्याला हे किरकोळ. खरी वैरीण लाट, कारण ती धक्के देते आणि थकत नाही. म्हणून भिंती अर्धा मीटर जाड काँक्रीटच्या, आणि त्याही सपाट नाहीत, बाक दिलेल्या, लाट अंगावरून निसटून जाते. दुसरी भीती कोणाच्या लक्षातच येत नाही, हे बुडेल याची नाही तर वर येईल याची! झाकण लावलेला रिकामा डबा बादलीत दाबून बघा, हाताला कसा ढकलतो. म्हणून त्यांनी हॉटेलची ती ३४ मीटर लांबीची काँक्रीटची नळी बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवर बांधली, आत पाणी भरून बुडवली, तळातल्या काँक्रीटच्या पायावर बसवली, बोल्ट आवळले आणि मगच पाणी उपसलं. हा क्रम वाचून मी मनातल्या मनात टाळी दिली. खिडकी ११ मीटर रुंद, ३.४ उंच, पण काचेची नाही हो, ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, जाडजूड. आईंना एवढंच सांगा.
आणि भिंत मुद्दाम खरबरीत ठेवलीय, शिंपल्यांनी चिकटावं म्हणून. आम्ही शेवाळ खरवडून काढायचो.

पलासियाचा_खादाड:
मी गेलोय, २०२३ च्या नोव्हेंबरात, बाहेर वारा असा की गाडीचं दार उघडेना. आत मात्र चिडीचूप. छताला कापड ताणलंय, त्यामुळे आवाज घुमत नाही, बाजूच्या टेबलावरचं कुजबुजणंही ऐकू येत नाही. मालदीवचं 'इथा' नावाचं पाण्याखालचं हॉटेल आठवून निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवू नका, ते २००५ चं, १४ जणांचं, डोक्यावर पारदर्शक कमान. इथे पाणी हिरवट, एखादा मासा मनात आलं तर येतो नाहीतर नाही, आम्ही दीड तास एका दगडाकडे बघत होतो आणि खरं सांगू का, कंटाळा आला नाही. नंतर एक कॉड मासा आला, थोबाड खिडकीला लावून थांबला, आणि माझ्या ताटात काय होतं ते विचारू नका. मेन्यू ठरलेला, बराचसा समुद्रातलाच, २०२० मध्ये मिशेलिन स्टारही (हॉटेलांना मिळणारा मोठा मान) मिळालाय. आई शाकाहारी असतील तर बुकिंगच्या आधी मेल टाका, तिथे जाऊन सांगितलंत तर वैताग होईल.

सराफ्यातला_उंट:
एवढ्या पैशात अख्खी गल्ली दोन वेळा गराडू (तळलेला कंद) खाईल 😄 आपल्या इंदूरच्या बिलावली तलावात एक खोली बुडवा, आम्ही येतो.

नर्मदाकाठचा_म्हातारा:
@उंट बिलावलीत खिडकीतून काय दिसणार, चिखल?

सुदामानगरची_लेक:
काका, तुमचं सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं. डब्याचं आईला लगेच पटलं, स्वयंपाकघरात जाऊन करूनही पाहिलं, कट्टा ओला. मग म्हणाली, बरं, काच नाही फुटत, पण खाली उतरायला पायऱ्या असतील ना? गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय तिचं.

पलासियाचा_खादाड:
आहेत. ओकच्या लाकडाचा चांगला रुंद जिना आहे पण उतार बराच आहे. लिफ्टचं मेलमध्येच विचारून घ्या.

सुदामानगरची_लेक:
टाकला मेल. आता आई कालनिर्णय घेऊन बसलीय, त्या दिवशी संकष्टी निघाली तर तारीख बदला म्हणते.